सांगली-साताऱ्यातून निघून अख्खा भारत, तेही कमी पैशात: प्लॅन कसा करायचा

सगळ्यात आधी ठिकाणांची यादी करणं थांबवा. भारत फिरायचा म्हटलं की जो तो वही घेऊन बसतो, लडाख, काशी, केरळ, मेघालय, जैसलमेर असं लिहीत सुटतो आणि पान भरलं की म्हणतो झालं प्लॅनिंग. अहो ती नुसती हौस झाली. तीन-चार महिन्यांच्या ट्रिपला पहिलं काय ठरवायचं असतं तर कुठल्या महिन्यात देशाच्या कुठल्या बाजूला असायचं ते, कारण देश एवढा मोठा आहे की एकाच आठवड्यात वर बर्फ पडत असतो, मध्ये धुक्यानं गाड्या रखडलेल्या असतात आणि खाली तमिळनाडूत वादळाचा इशारा आलेला असतो. हवा चुकली की बजेट बोंबललंच समजा, कारण मग हीटरवाली रूम घ्या, शेअर गाडी बंद म्हणून स्पेशल टॅक्सी करा, दोन दिवस लॉजवर बसून राहा, असं करत करत पैसे जातात.

नोकरी सोडून, दोन नोकऱ्यांच्या मध्ये किंवा कॉलेज संपल्यावर निघणाऱ्यांसाठी माझ्या मते ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघून फेब्रुवारीच्या आत-बाहेर परत येणं सगळ्यात बेस्ट. वाट अशी: ऑक्टोबरमध्ये सरळ वर, दिल्ली, अमृतसर, हिमाचल. पाऊस संपलेला असतो, आभाळ स्वच्छ, थंडी सोसण्यासारखी. नोव्हेंबरमध्ये राजस्थान, तिथली दुपार तेव्हा कुठं माणसात येते. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आग्रा, ग्वाल्हेर, काशी हा पट्टा उरकून टाका, कारण डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेत धुकं पडतं आणि तेव्हा गाडी पाच तास लेट असेल तर लोक वेळेवर आली म्हणतात. डिसेंबर ईशान्येला द्यायचा. वर्ष संपता संपता बंगाल-ओडिशा, आणि जानेवारीचा मध्य ओलांडला की तमिळनाडू, केरळ, मग घर.

दक्षिण शेवटी का, तर तमिळनाडूत पाऊस आपल्यासारखा जून-सप्टेंबरला नसतो, तिकडचा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली वादळंही साधारण त्याच वेळची. शिवाय केरळला नोव्हेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंत शबरीमलाचा सीझन असतो, त्या काळात तिकडच्या गाड्यांना रिझर्वेशन मिळणं म्हणजे डोक्याला ताप. आणि संक्रांतीच्या वेळी पोंगल, अख्खं चेन्नई गावाला निघतं. ते सगळं उरकून गेलं की मग तुम्ही जा, निवांत.

लडाख या फेरीत घेऊच नका. मनाली-लेह रस्ता थंडीत बंद होतो आणि विमानानं जायचं म्हटलं तर बजेटला तिथंच भगदाड. लडाख, स्पिती हे जून ते सप्टेंबरचं स्वतंत्र प्रकरण आहे, दिल्लीहून हिमाचल परिवहनची बस उन्हाळ्यात थेट लेहला जाते, सीट साधी आहे, हाडं खिळखिळी होतात, पण आयुष्यात एकदा करावी. लेह साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे हे लक्षात ठेवा, पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं, चढउतार नाही, फोटोसाठी पळापळ नाही.

आता तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागातली द्राक्षवाली पोरं म्हणतील की ऑक्टोबरला आमची फळछाटणी, जानेवारीपासून माल निघतो, आम्ही काय करायचं? त्यांच्यासाठी वरचं कॅलेंडर फेकून द्या. एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी तयार होत आली की त्यातल्या त्यात मोकळीक मिळते, फवारणी बघायला घरी कोणीतरी पाहिजे एवढंच. तेव्हा तुमची ट्रिप जून अखेर ते ऑगस्ट, आणि ती लडाख-स्पिती-काश्मीर अशी वरच्या भागापुरतीच करा. बाकी देशात तेव्हा चिखल. ऊसवाल्यांचं वेगळं, तोड कधी येणार हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं, त्यांनी तोडीनंतरच तिकीट काढावं हे उत्तम.

सणांचं बघून ठेवा. दिवाळी-छठच्या आधी दिल्ली, मुंबई, पंजाबकडून बिहार-युपीला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ झाल्यावर हीच गर्दी उलटी फिरते. तुम्ही नेहमी गर्दीच्या उलट दिशेला असलं पाहिजे. छठ संपल्यावर काशीकडे जाणाऱ्या गाड्यांत त्यामानानं जागा असते. दिवाळी स्वतः कुठं करायची तर माझं मत अमृतसर, दिवाळीलाच शिखांचा बंदी छोड दिवस असतो आणि हरमंदिर साहिबची, म्हणजे सुवर्णमंदिराची रोषणाई फुकट बघायला मिळते, लंगर तर बाराही महिने आहेच.

आता गाडी. आपल्याकडच्या लोकांना एक कळत नाही की आपण कुठल्या सोन्याच्या जागी राहतोय. मिरज जंक्शन! गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा, पुणे करत थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते, दोन रात्री आणि मधला एक दिवस. अजमेरकडची गाडी आहे, जोधपूरकडची आहे, खाली बेंगलुरूला राणी चेन्नम्मा, कोल्हापूरहून येणारी तिरुपतीची हरिप्रिया, गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेस. पुण्या-मुंबईला जाऊन तिथून गाडी पकडायची काही गरज नाही, पुण्याच्या एका रात्रीचे लॉजचे पैसे वाचले इथंच. साताऱ्याच्या लोकांनी फक्त एवढं बघायचं की स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, रात्रीची गाडी असेल तर रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, पोवई नाक्यावर ऐनवेळी उभं राहिलात तर तो म्हणेल तो आकडा.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. लांब पल्ल्याचं जाताना पहिलं तिकीट आणि येतानाचं शेवटचं, एवढी दोनच साठ दिवस आधी पकडायची. मधली सगळी तिकिटं फिरता फिरता, आठ-दहा दिवस आधी. लोक काय करतात, घरी बसून दोन महिन्यांची सगळी तिकिटं काढायला बघतात, मग पुष्करला मन रमलं तरी उद्याचं तिकीट आहे म्हणून उठून पळावं लागतं. स्लीपरचं कन्फर्म तिकीट खूप आधी कॅन्सल केलं तरी १२० रुपये जातात, चार तिकिटं बदलली की दीड दिवसाचं जेवण गेलं.

वेटिंगचा प्रकार बघायला शिका. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे गाडी सुटते तिथपासूनचं साधं वेटिंग असेल तर सुटायची शक्यता बरी, पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्टेशनांचा पूल कोटा, तो लवकर भरतो आणि हळू सुटतो. उपाय असा की मिरजेहून न काढता गाडी जिथून सुटते तिथपासून तिकीट काढायचं आणि बोर्डिंग मिरज टाकायचं, शे-दीडशे रुपये जास्त जातात पण सीट मिळते. आरएसी, म्हणजे दोघांत एक सीट मिळाली तर आनंदानं चढा, बसायला तर मिळतंय. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगला राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढून टीसीशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही.

तत्काळ लागतंच कधीतरी. एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, प्रवासाच्या आदल्या दिवशी. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आयआरसीटीसी अकाउंटला आधार व्हेरिफाय लागतं, ते घरी असतानाच करून घ्या, स्पितीच्या कुठल्यातरी वळणावर ओटीपीची वाट बघत बसू नका. अकरा वाजायच्या पाच मिनिटं आधी लॉगिन, प्रवाशाचं नाव मास्टर लिस्टमध्ये आधीच भरलेलं, पैसे आयआरसीटीसीच्या वॉलेटमध्ये, आणि नेटवर्क असलेल्या जागी उभं राहायचं. बँकेचं पेमेंट पेज उघडेपर्यंत सीटा गेलेल्या असतात. कन्फर्म तत्काळला रिफंड नाही, म्हणून जायचं पक्कं असेल तरच.

एक जुनी सोय आहे जी आता फारशी कुणाला माहीत नाही, चक्राकार प्रवास तिकीट. जिथून निघालात तिथंच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं, आणि भाडं लांब पल्ल्याच्या दरानं लागतं, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं काढण्यापेक्षा स्वस्त. मार्ग आणि उतरायची स्टेशनं लिहून रेल्वेच्या विभागीय कमर्शियल ऑफिसला अर्ज द्यायचा, आपला विभाग पुणे. प्रत्येक टप्प्याचं रिझर्वेशन मात्र वेगळं करावं लागतं. आई-वडिलांना घेऊन ठरलेल्या तारखांची यात्रा असेल तर डोळे झाकून हेच घ्या. पाठीवर बॅग टाकून भटकायला मला ते नको वाटतं, मार्ग एकदा बांधला की बांधला.

पैशाचं बोलू. एका माणसाला दिवसाला हजार ते बाराशे धरा, म्हणजे शंभर दिवसांचे एक लाख ते एक लाख वीस हजार, प्रवासासकट. यात हॉस्टेलच्या डॉर्ममधली, म्हणजे बऱ्याच जणांच्या एका खोलीतली कॉट चारशे ते सहाशे, खाणं तीनशे, गावात फिरायला शे-दीडशे, आणि उरलेले गाड्या, तिकिटं, साबण-औषध यात. स्लीपरला हजार किलोमीटरला पाचशेच्या आसपास पडतात, त्यामुळं रेल्वे हा खर्चाचा मोठा भाग नाहीच, हे बऱ्याच जणांना पटत नाही. मग पैसा जातो कुठं? जागा बदलण्यात. नवीन गावात उतरलं की स्टेशनवरून रिक्षा, पहिलं जेवण महागाच्या हॉटेलात कारण स्वस्त कुठं मिळतं माहीत नाही, सामान ठेवायचे पैसे, धोबी, आणि थकल्यामुळं घेतलेली सिंगल रूम. तिसऱ्या दिवशी तुम्हाला कळतं की मागच्या गल्लीत सत्तर रुपयांत थाळी आहे आणि बसस्टँडला चालत जाता येतं, आणि नेमकं त्याच दिवशी तुम्ही निघता. म्हणून एका जागी कमीत कमी तीन रात्री, आणि महिन्यातून एकदा तरी एका गावात आठवडाभर. शंभर दिवसांत चाळीस गावं करणारा माणूस दीड लाख घालवून येतो आणि त्याला धड एकही गाव आठवत नाही.

रात्रीच्या गाडीनं लॉजचे पैसे वाचतात हे खरं, पण लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नका, दुसऱ्या दिवशी तुम्ही हमखास हजाराची रूम घेऊन झोपणार. सकाळी लवकर पोचलात तर वेटिंग रूममध्ये अंघोळ उरका, बॅग स्टेशनच्या अमानती सामान घरात (क्लोक रूममध्ये) टाका, तिथं बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, आणि मग गावात जा. कन्फर्म तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी आयआरसीटीसीवरूनच मिळते, पीएनआर टाकून.

राहायला हॉस्टेलं आता सगळीकडं झालीत. गर्दीच्या वीकेंडला हॉस्टेलचे भाव दुप्पट होतात, ऋषिकेश, कसोल, मनाली या ठिकाणी शुक्रवार-शनिवार पोचायचंच नाही, रविवारी संध्याकाळी पोचा, पुण्या-दिल्लीची गर्दी उतरत असते. जैसलमेरला तीनशे रुपयांत झकास रूम दिसली तर समजून जा की उंटाची सफारी तुमच्या गळ्यात मारायची आहे, नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी मालकाचं तोंड बदलतं. धर्मशाळा, भक्तनिवास, गुरुद्वाऱ्याच्या सराया हा दुसरा मार्ग. अमृतसरला, मणिकरणला, दिल्लीत बंगला साहिबला, आपल्या नांदेडला सोय आहे. पण गुरुद्वारा म्हणजे फुकटचं हॉटेल समजू नका. डोकं झाकून जायचं, दारू-तंबाखू खिशातसुद्धा नाही, जेवण झाल्यावर तासभर भांडी घासायला बसायचं. काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूला जुनी मराठी वस्ती आहे, तिकडं विचारपूस केली तर राहण्या-जेवणाचा काहीतरी मार्ग निघतो, मराठीत बोललात की दार पटकन उघडतं.

आणि आता आपल्या जिल्ह्याचं खरं भांडवल, जे पुण्या-मुंबईच्या बॅकपॅकरकडं नसतं. गलाईवाले! विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलीत. कुठल्याही मोठ्या गावात जा, तिथला सराफ बाजार विचारा, आणि सराफाच्या दुकानात जाऊन गलाईवाला कुठं बसतो एवढं विचारा. बहुतेक वेळा जिना चढून वर एक अंधारी खोली असते, कोपऱ्यात छोटी भट्टी, त्यात लालबुंद झालेली मूस, तेजाबाचा घशाला लागणारा वास, भिंतीवर गावाकडच्या बँकेचं किंवा पतसंस्थेचं कॅलेंडर, आणि खाली बसून चिमट्यानं काम करणारा पोरगा. त्याला "कुठलं गाव?" विचारलं की तो आधी वर बघतो, मग "तुमचं कुठलं?" म्हणतो, आणि पाच मिनिटांत त्याच्या आत्याची सून तुमच्या मावशीच्या गावची निघते. मग चहा.

याचा उपयोग कसा करायचा ते नीट समजून घ्या. राहायला जागा मागायची नाही. त्यांची स्वतःची पाच-सहा माणसं दोन खोल्यांत राहतात, आणि दुकानात दुसऱ्याचं सोनं असतं, अनोळखी माणूस रात्री ठेवून घेणं त्यांना जमत नाही, संकोचापोटी ते नाही म्हणणार नाहीत पण तुम्ही मागू नये. विचारायचं काय, तर इथं चांगला स्वस्त लॉज कुठला, कुठल्या गल्लीत रात्री फिरायचं नाही, खाणावळ कुठं, स्टेशनला जायला शेअर रिक्षा कुठून. ही माहिती इंटरनेटवर शोधून मिळत नाही. आणि अडलात, पाकीट गेलं, आजारी पडलात, तर या माणसासारखा आधार नाही. जाताना सांगलीचं भडंग घेऊन जा, एक पुडा एका गावाला. हे पुडे वजनाला हलके असतात पण बॅगेत जागा खातात, म्हणून पहिल्या महिन्यापुरतेच घ्या, नंतर घरून पार्सल मागवा. निघण्यापूर्वी गावात दोन-चार घरं फिरून नंबर घेऊन ठेवा, "दादा, मी अमक्याचा भाचा" अशी ओळख सांगता आली की काम सोपं.

साताऱ्याकडच्यांचं असंच फौजी मंडळींचं आहे. मिलिटरी अपशिंगे गावाचं नाव तर सगळ्यांना माहीत, पण दर दोन घरांमागं कोणीतरी भरतीला गेलेलं असतंच. कुठला रस्ता कधी बंद होतो, कुठं कुठला कागद विचारतात, हे रिटायर्ड सुभेदार काका जेवढं सांगतील तेवढं कुठलं ॲप सांगणार नाही. फक्त ड्युटीवर असलेल्या नातेवाइकाला पोस्टिंग कुठं आहे वगैरे खोदून विचारू नका आणि ते कुठं टाकूही नका.

ईशान्येचं जरा वेळ देऊन लिहितो, कारण तिथं आपल्या सवयी चालत नाहीत. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर या चार राज्यांना भारतीयांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो. मेघालय, आसाम, त्रिपुराला नाही. सिक्कीमला आत जायला नाही, पण नथुला, गुरुडोंगमारकडं जायचं तर परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत एजंटमार्फत, म्हणजे एकट्याला महाग, हॉस्टेलमध्ये चार-पाच जण जमवा. अरुणाचलचं ऑनलाइन निघतं. मूळ ओळखपत्र, झेरॉक्स आणि पासपोर्ट साईज फोटो ढीगभर जवळ ठेवा, डोंगरातल्या चेकपोस्टवर मोबाईलमधला फोटो दाखवून नेहमी भागत नाही. मणिपूरला जायच्या आधी तिथली परिस्थिती बघूनच ठरवा.

डिसेंबरमध्ये तिकडं साडेचारला अंधार पडायला लागतो. आपण दहाला अंघोळ करून अकराला बाहेर पडणार आणि चारला दुकानं बंद. पहाटे पाचला उठायची सवय लावली तरच दिवस मिळतो. गावा-गावात जायला शेअर सुमो, ती सकाळी सहा-साडेसहाला सुटते, आणि आदल्या दिवशी काउंटरवर जाऊन पुढची सीट सांगून ठेवायची, नाहीतर मागं आठ तास गुडघे छातीला लावून. नागालँडचा हॉर्नबिल फेस्टिव्हल १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. बघण्यासारखा आहे पण त्या दहा दिवसांत कोहिमात रूमचे भाव आभाळाला. एकतर दोन महिने आधी बुक करा नाहीतर १० तारखेनंतर जा. मिझोरामला आता ऐझॉलच्या जवळ साईरंगपर्यंत रेल्वे पोचलीय, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झालं, त्यामुळं सिल्चरहून सुमोचा तो जीवघेणा प्रवास टळला.

तिकडून खाली यायला लोकांना दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्सप्रेसचं फार आकर्षण. देशातली सगळ्यात लांब जाणारी गाडी, चार हजार किलोमीटरच्या वर, तीन दिवसांपेक्षा जास्त. एकदा केली असं सांगायला बरं आहे, पण स्लीपरमध्ये तीन दिवस म्हणजे शिक्षाच, अंघोळ नाही, जेवण कसलंही. मी म्हणतो भुवनेश्वरला उतरा, पुरी-कोणार्कला चार दिवस काढा, मग पुढं.

बॅग चाळीस लिटरची, भरून आठ-नऊ किलोच्या वर नको. घरी वजनकाटा नसेल तर ओळखीच्या बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये काट्यावर टाका, खरं वजन कळलं की अर्धं सामान आपोआप बाहेर येतं. तीन टीशर्ट, दोन पँट, एक थर्मल, एक जॅकेट, रेनकोटच्या जागी पातळ पॉन्चो. टॉवेल नको, आपला पंचा न्या, तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, गुरुद्वाऱ्यात चालतो, थंडीत गळ्याला गुंडाळता येतो. साखळी-कुलूप, सीटखालच्या कडीला बॅग बांधायला. खायला भाजलेले शेंगदाणे आणि बेदाणे, दोन्ही आपल्याकडचेच, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, पहिले आठ-दहा दिवस काही बघायला नको, दिल्लीत उतरेपर्यंत पँट्रीचं काही घ्यायची गरज पडत नाही. औषधात ओआरएस, तापाची, जुलाबाची गोळी, नेहमीचं औषध असेल तर त्याची चिठ्ठी.

बॅग घेऊन आधी एक सराव करा. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. तो काढा आणि सांगलीतून निघून लाल डब्यानं महाराष्ट्रात भटका, अंबाजोगाई, माहूर, चिखलदरा, जिथं गाडी नेईल तिथं, लॉज न ठरवता. सात दिवसांत कळतं की खांद्याचा पट्टा कुठं काचतो, कुठलं सामान एकदाही काढलं नाही, आणि सोबत घेतलेला मित्र तिसऱ्या दिवशी तोंड फुगवतो का. मित्राचं तर इथंच कळू दे, गुवाहाटीत कळून उपयोग नाही.

फोनचं: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिकडं जायचं असेल तर महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या. युपीआय सगळीकडं चालतं असं वाटतं, पण डोंगरात नेटवर्क नसलं की कागदावरचा क्यूआर कोड शोभेचा. चार-पाच हजार रोख, दोन जागी विभागून, आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं. सगळे पैसे एका खात्यात ठेवू नका, फिरायच्या खात्यात महिन्याला तीस-पस्तीस हजारच टाकायचे, संपले की संपले, मग त्या महिन्यात खिचडी.

एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी माझ्या मावसबहिणीनं दिलेल्या टिपा: पोचायची वेळ दिवसाची असेल अशीच गाडी घ्यायची, मग ती दोनशेनं महाग का असेना. हॉस्टेलमध्ये लेडीज डॉर्म. रेल्वेत मदतीला १३९ नंबर, आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची मेरी सहेली म्हणून टीम असते, एकट्या मुलीची विचारपूस करायला येतात, त्यांना सीट नंबर सांगायला लाजू नका. तमिळनाडूत साध्या टाउन बसला बायकांना तिकीट नाही, कर्नाटकात मात्र फुकट प्रवासाला तिथला पत्ता असलेलं कार्ड लागतं, तिथं वाद घालू नका. आणि आपल्या एसटीत अर्धं तिकीट आहेच.

वाटेत आपल्या लोकांनी चुकवू नये अशी दोन-तीन ठिकाणं सांगतो, ती कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत वरती नसतात. दिल्ली-अमृतसर लाइनवरच पानिपत आहे, स्टेशनला उतरून काला अंबला जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो, १७६१ चं स्मारक. बघायला फार काही नाही, पण उतरल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेरचा किल्ला गोवा एक्सप्रेसच्याच वाटेवर, आणि ते शिंदे मूळचे आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. आणि तंजावर, तिथं तर दोन दिवस द्याच. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, देवनागरीत. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा ढीग आहे. दुपारी त्या भिंतीजवळ उभं राहून जमेल तेवढं वाचत बसा, शेजारून तमिळ कुटुंबं बघत जातात की हा काय वाचतोय.

आग्र्याला जाणार तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि आत कबरीपर्यंत जायला ५० च्या तिकिटावर आणखी २०० लागतात. तिथं गाईड घेऊ नका, फत्तेपूर सिक्रीला घेतला तर चालेल.

परतीचं तिकीट बेंगलुरूहून राणी चेन्नम्माचं काढा, केरळातून बेंगलुरूला आलात की रात्री बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मिरज किंवा सांगली. हे तिकीट साठ दिवस आधी काढायचं म्हणजे तुम्ही तेव्हा ईशान्येच्या वाटेवर कुठंतरी असणार, त्यामुळं तारीख नक्की करता येत नाही असं वाटेल, तरी काढून ठेवा. दोन-चार दिवस पुढंमागं झालं तर १२० रुपये गेले असं समजायचं. तेही नाही जमलं तर हुबळीपर्यंत कुठल्याही गाडीनं या, तिथून बेळगाव आणि बेळगावहून मिरजेला काही ना काही मिळतंच.